व्याल्यानंतरचे ८५ दिवस

गाईचा गाभण काळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवं असेल तर ३६५ मधून २८० वजा करायचे, उरतात ८५. एवढ्या दिवसांत गर्भाशय पूर्ववत व्हायचं, अंडाशय पुन्हा कामाला लागायचं, माज दिसायचा, गोठवलेल्या रेताची कांडी वेळेवर भरली जायची आणि गर्भ टिकायचा. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईकडून दरवर्षी वेत मिळालंच पाहिजे असा हट्ट धरू नये. दोन वेतांत तेरा-साडेतेरा महिन्यांचं अंतर असलं तरी गोठा चांगला चालतो. मात्र हे अंतर सोळा-अठरा महिन्यांवर गेलं की गणित बिघडतं. गाय शेवटी शेवटी चार-पाच लिटरवर येते, मग आटते, आणि वैरण-पाणी-मजुरी रोजची लागतच राहते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाय उलटायला, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर यायला लागली की धावपळ सुरू होते. डॉक्टरांना फोन, इंजेक्शनाची मागणी, दुसऱ्या वळूची कांडी, कुणीतरी सांगितलेलं औषध. यातल्या काही गोष्टी कामी येतातही. पण त्या वेळी जे बिघडलेलं दिसतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा गाय व्याली त्या आठवड्यात, कधी तर ती भाकड होती तेव्हाच झालेली असते. म्हणून सुरुवातीपासून क्रमाने पाहू.

व्याल्याच्या दिवशी गाईचं गर्भाशय नऊ-दहा किलो वजनाचं आणि जवळजवळ मीटरभर लांब असतं. महिनाभरात ते किलोभरावर येतं. आतलं अस्तर नव्याने तयार व्हायला आणखी दोनेक आठवडे लागतात. म्हणून व्याल्यावर ४५ ते ६० दिवस गाय माजावर आली तरी भरवू नये. दहाव्या-विसाव्या दिवशी गर्भाशयात जंतू सापडत नाहीत अशी गाय विरळाच. विताना दार उघडं असतं, खालची जमीन शेणामुताची असते, जंतू आत जातातच. निरोगी गाय दोन-तीन आठवड्यांत स्वतःच ते निपटून काढते. तांबूस-तपकिरी स्राव दोनेक आठवडे येतो, हळूहळू कमी होतो आणि थांबतो. त्याला घाण वास येत नसेल, गाय खात असेल आणि अंगात ताप नसेल तर घाबरायचं कारण नाही.

गर्भाशयाच्या आत ७५ ते १२० गाठी असतात आणि वार त्यांना चिकटलेली असते. वासरू बाहेर आल्यावर आठ ते बारा तासांत ही चिकटण सुटून वार पडते. बारा तास उलटले तरी पडली नाही तर ती अडकली असं धरावं. ती हाताने ओढून काढण्याची किंवा तिला दगड बांधण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती सोडून द्यायला हवी, असं मी अगदी कळकळीने सांगेन. ओढताना त्या गाठी फाटतात, वारेचे तुकडे आत राहतात आणि हाताबरोबर आणखी जंतू जातात. लोंबणारा भाग स्वच्छ ठेवावा, रोज सकाळी थर्मामीटरने ताप पाहावा आणि ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा गाईने खाणं सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली असेल आणि वार अडकली असेल तर ब्रुसेलोसिसची शंका धरायलाच हवी. हा रोग माणसालाही होतो. अशा वारेला हातमोज्यांशिवाय हात लावू नये, ती कुत्र्यांना टाकू नये, खोल पुरावी.

वार अडकण्याचा आणि कॅल्शियमचा जवळचा संबंध आहे. एक लिटर चिकात साधारण सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि गाईच्या सगळ्या रक्तात मिळून ते असतं तीन ग्रॅमच्या आसपास. पहिल्याच दिवशी दहा लिटर चीक निघाला तर रक्तातल्या साठ्याच्या सातपट कॅल्शियम कासेतून बाहेर पडतं. हाडांतून आणि आतड्यांतून ते वेळेत भरून निघालं नाही तर मिल्क फिव्हर होऊन गाय बसते. गाय बसत नाही पण कॅल्शियम कमी पडतं, अशी वेळ त्याहून कितीतरी जास्त गाईंवर येते, आणि ती नजरेला दिसत नाही. कॅल्शियम कमी म्हणजे स्नायूंचं आकुंचन कमी. गर्भाशय नीट आवळत नाही, पोटाची हालचाल मंदावते, म्हणून खाणं कमी होतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही कॅल्शियम लागतं, त्याही ढिल्या पडतात. तिसऱ्या वेतापासून पुढे हा धोका वाढतो. त्यावरचा उपाय विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत असतो. त्या काळात भरमसाट कॅल्शियम पाजलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच लावून घेत नाही. म्हणून भाकड गाईला दुभत्या गाईचं खनिज मिश्रण न देता, शेवटच्या तीन आठवड्यांसाठी असलेलं वेगळं मिश्रण डॉक्टरांना विचारून द्यावं.

आता अंडाशयाकडे येऊ. खरा गुंता तिथे आहे.

व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडू लागते. अंडाशयावर लहान लहान पुटिका, म्हणजे स्त्रीबीज पोटात धरलेले पाणीदार फोड, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, बाकीच्या विरून जातात. ही एक पूर्ण वाढून फुटावी यासाठी एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचे ठोके जवळजवळ तासातासाला पडावे लागतात. ठोके तसे पडले तर व्याल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पहिलं बीज सुटतं. तेव्हा माज बहुधा दिसत नाही, तो मुका जातो. तरी गाडी रुळावर आली, असं समजायचं. ठोके विरळ पडले तर पुटिका वाढते आणि न फुटताच जिरते. मग दुसरी, मग तिसरी. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच कळतं की दोन महिने झाले, गाय माजावरच येत नाही.

एलएचचे ठोके विरळ का पडतात? बहुतेक वेळा गाईला पुरेसं खायला मिळत नाही म्हणून. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं आणि पाच ते आठ आठवड्यांत सर्वांत जास्त होतं. भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. ती पूर्ण खुलायला दहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दुधातून बाहेर जाणारी ऊर्जा गव्हाणीतून आत येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते आणि फरक अंगावरच्या चरबीतून भरला जातो. एक लिटर दूध तयार करायला सत्तर ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं, म्हणजे वीस लिटरच्या गाईला रोज जवळजवळ दीड किलो. हे सगळं ग्लुकोज तिच्या यकृताला बनवावं लागतं, कारण चाऱ्यातली साखर पोटातले जंतूच आंबवून टाकतात. या ओढाताणीत रक्तातलं इन्सुलिन खाली जातं, मेंदूला कळतं की घरात टंचाई आहे, आणि पुढच्या पिढीचं काम तो मागे ठेवतो. दूध आधी, गर्भ नंतर. हाताशी असलेल्या वासराला जगवायचं म्हटलं तर हा क्रम अगदी योग्यच आहे.

यात दुसरी एक बाब आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. एक लहानशी पुटिका वाढायला लागल्यापासून फुटेपर्यंत ६० ते ८० दिवस जातात. जॅक ब्रिट या अमेरिकी संशोधकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर बोट ठेवलं. व्याल्यानंतर ऐंशीव्या दिवशी जे बीज सुटणार, ते वाढायला लागलं तेव्हा गाय नुकतीच व्यालेली, ओढलेली, कदाचित तापातली होती. त्या उपाशी आठवड्यांचा ठसा त्या बीजावर राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऐंशीव्या दिवशी गाय अंगाने सावरलेली दिसते, माज स्वच्छ असतो, कांडी वेळेवर पडते, आणि तरीही ती उलटते. अशा वेळी कांडीला किंवा भरणाऱ्याला दोष दिला जातो. मला वाटतं, आधी आपण तिला पहिले तीन आठवडे काय घातलं ते आठवून पाहावं.

महाराष्ट्रात हे प्रश्न संकरित गाईंबरोबर ठळक झाले. मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि होल्स्टिन-जर्सीच्या रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचू लागल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून फुले त्रिवेणी घडवली. दूध वाढलं आणि दुधाबरोबर गाईची भूकही. तीन-चार लिटरच्या देशी गाईला कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर निभावता येत होतं, कारण तिची तूटच लहान होती. तिला उशीर होतो तो वेगळ्या कारणाने: वासरू दिवसभर पाठीशी राहून पीत असेल तर त्या चोखण्यानेच एलएचचे ठोके दबतात. गीर किंवा देवणीच्या गाईला वासरू फक्त धारेच्या वेळी सोडलं तर बऱ्याचदा ती लवकर माजावर येते.

तर पोट भरायचं कसं? सुरुवात भाकड काळात. दूध नाही म्हणून भाकड गाईला नुसत्या कडब्यावर ठेवणं चूक, आणि तिला लठ्ठ करणं ही त्याहून मोठी चूक. लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते, तिची चरबी एकदम वितळून यकृतात साचते आणि ती किटोसिस या आजाराकडे झुकते. अंगकाठीची गुणसंख्या १ ते ५ अशी मोजतात. विताना ती ३ ते साडेतीनच्या दरम्यान असावी. यासाठी यंत्र लागत नाही. गाईच्या मागे उभं राहून पाहायचं: शेपटीच्या मुळाशी उथळ खळगा आहे पण खोल खड्डा नाही, पुठ्ठ्याची हाडं दिसतात पण टोकदार नाहीत, शेवटच्या बरगड्या हाताने हलकं दाबल्यावर लागतात. हे व्याली त्या दिवशी पाहावं आणि महिन्याने पुन्हा पाहावं. अर्ध्या गुणापर्यंत उतार चालतो. पूर्ण एक गुण खाली आली तर ती वेळेवर गाभण राहण्याची आशा बरीच कमी होते.

विण्याच्या तीन आठवडे आधीपासून, व्याल्यावर जी पेंड आणि जो मुरघास द्यायचा तोच थोडा थोडा सुरू करावा, म्हणजे पोटातले जंतू त्याला सरावतात. व्याल्यावर पेंड रोज अर्धा किलोने वाढवत न्यावी. दूध वाढावं म्हणून तिसऱ्या दिवशी एकदम सहा किलो भरडा घातला तर पोटात आम्लता होते, गाय रवंथ सोडते आणि होतं तेही खाणं जातं. अंगासाठी दीड-दोन किलो आणि पुढे दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो खुराक, हा धोपट हिशेब. चांगली हिरवी वैरण, मेथी घास किंवा मक्याचा मुरघास भरपूर असेल तर तो कमी करता येतो. पाणी दिवसभर समोर असावं. दावणीला बांधून दिवसातून दोनदा पाणी दाखवलेली गाय पुरेसं खाऊच शकत नाही.

एक गोष्ट डेअरीच्या पावतीवरूनही कळू शकते. व्याल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या गाईच्या दुधाची फॅट नेहमीपेक्षा बरीच चढी लागली की भाव मिळतो म्हणून बरं वाटतं. ती फॅट बहुतेक वेळा गाईच्या अंगावरून उतरलेली असते. त्याच वेळी ती पेंड सोडून कडबाच चघळत असेल, तोंडाला गोडसर वास येत असेल तर किटोसिस तपासून घ्यावा.

दोन महिने झाले, गाय सावरली. आता माज ओळखायचा. सगळ्यांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, आणि इथेच बिनपैशाने सर्वांत जास्त कमावता येतं.

माजाचं चक्र २१ दिवसांचं. १८ ते २४ दिवस चालतात. माज टिकतो बारा ते अठरा तास, जास्त दुधाच्या गाईत त्याहून कमी. दुसरी गाय अंगावर चढली असता स्थिर उभी राहणं हे पक्कं लक्षण. पण एक उडी काही सेकंदांची असते आणि निम्म्याहून जास्त उड्या संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत होतात. म्हणजे आपण धारेला येतो तेव्हा बरंचसं होऊन गेलेलं असतं. दावणीला बांधलेल्या गाईला तर उडी मारायला आणि उभं राहायला जागाच नसते. मुक्त संचार गोठ्याचे फायदे मोजताना मजुरी आणि खुरांचं आरोग्य याबद्दल बोललं जातं. माज दिसणं हा फायदा माझ्या मते त्याहून मोठा आहे.

पहाटे, दिवा लावायच्या आधी, बॅटरी घेऊन गोठ्यात दहा मिनिटं शांत उभं राहावं. कोण बसलेली नाही, कोण दुसऱ्या गाईच्या पुठ्ठ्यावर हनुवटी टेकवते, कोणाच्या शेपटीच्या मुळावरचे केस विस्कटले आहेत, कोणाच्या कुशीवर खुरांचा चिखल आहे. मग निरणाकडे पाहावं: थोडी सूज, आत गुलाबी, आणि बळस. माजाची बळस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी पारदर्शक असते, लांब तार होऊन लोंबते, शेपटीला आणि मांडीला चिकटून वाळलेली दिसते. तिच्यात पांढरे कण किंवा पू दिसला तर गर्भाशयात दाह आहे. त्या माजाला कांडी भरण्याऐवजी उपचार करावा. दोन-तीन दिवसांनी शेपटीला थोडं रक्त लागलेलं दिसलं तर माज होऊन गेला, असं समजावं. चुकला म्हणून हळहळत न बसता तारीख लिहून ठेवावी. सतराव्या दिवसापासून पहाटेची फेरी चुकवू नये.

सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कांडी भरायची. हा नियम अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिम्बर्गर यांनी १९४०च्या दशकात केलेल्या कामातून आला. त्यामागचं कारण असं की बीज माज सुरू झाल्यापासून २४ ते ३० तासांनी सुटतं आणि सुटल्यावर काही तासच चांगलं राहतं. शुक्राणू गाईच्या पोटात साधारण एक दिवस जगतात, पण आत गेल्यावर बीज फळवण्याच्या लायकीचे व्हायला त्यांना सहा-सात तास लागतात. म्हणून ते बीजाच्या आधी पोहोचून तयार असायला हवेत. फार लवकर भरलं तर ते दमून मरतात, फार उशीर झाला तर बीज शिळं होतं.

कांडी उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमधून बाहेर काढली की ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवलेली कांडी पाहिली तर नम्रपणे कोमट पाणी पुढे करावं. तो आपला हक्क आहे. रेत गर्भाशयाच्या मुखातून आत, मुखाच्या कड्या संपताच, सोडायचं. गाय ताणाखाली, उन्हात पळवून आणलेली असेल तर तासभर सावलीत उभी करून मग भरावी.

पुढचे दिवस कुणाला दिसत नाहीत. सुटलेलं बीज बहुतेक वेळा फळतं. नळीतून तो गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतो. बारा-तेरा दिवसांपर्यंत तो काही मिलिमीटरचा असतो, मग झपाट्याने लांब होतो आणि सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत एका प्रथिनाद्वारे आईला आपण आहोत हे कळवतो. तसा निरोप मिळाला नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक सोडतं, अंडाशयावरचा पीतपिंड विरतो आणि गाय २१व्या दिवशी उलटते. म्हणून उलटण्याची तारीख पाहावी. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर बीज फळलंच नाही किंवा गर्भ लवकर गेला. ३०-४० दिवसांनी उलटली तर गर्भ धरला होता आणि मग गेला, किंवा मधला एक माज आपल्या नजरेतून सुटला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तारीख सांगितली तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं. दर दहा कांड्यांमागे चार गाई गाभण राहिल्या तरी निकाल चांगला समजावा. सलग तीनदा उलटली की मात्र चौथी कांडी भरण्याआधी तपासणी करून घ्यावी.

संप्रेरकांची इंजेक्शनं उपयोगी आहेत. मुका माज असलेल्या किंवा अंडाशयावर गाठ झालेल्या गाईत ठरावीक दिवसांचा क्रम पाळून बीज सुटण्याची वेळ आपल्याला आणता येते. पण खायला कमी पडलेल्या गाईला इंजेक्शन देऊन आणलेला माज पुष्कळदा रिकामा जातो. आणि प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी गाय गाभण नाही याची खात्री हवीच, नाहीतर ती गाभडते.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरावा. एप्रिल-मेमध्ये गाईचं अंग तापलं की माज थोडा आणि रात्रीच दिसतो, गर्भ पहिल्या आठवड्यातच दगावतो. आधी सांगितलेले ते ६० ते ८० दिवस इथेही लागू आहेत: मेमध्ये तापलेल्या पुटिकेतलं बीज जून-जुलैत सुटतं, म्हणून पाऊस पडून गारवा आला तरी गाई महिना-दीड महिना उलटत राहतात. दुपारी अंगावर पाण्याचा फवारा आणि वर पंखा, वैरण पहाटे आणि रात्री, पाणी सावलीत, एवढं तरी करावं.

सोनोग्राफीवर गर्भ २८-३० दिवसांत दिसतो. हाताने तपासायला दोन महिने थांबावं. तिसाव्या दिवशी गाभण ठरलेली गाय साठाव्या-सत्तराव्या दिवशी पुन्हा तपासावी, कारण या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काही गर्भ गळतात आणि गाय गाभण आहे अशा समजुतीत तीन महिने निघून जातात. दुसऱ्या तपासणीतही गाभण निघाली की कांडीच्या तारखेत २२० दिवस मिळवून आटवण्याची तारीख गोठ्याच्या वहीत त्याच दिवशी लिहून टाकावी.